गुडघ्याला राणी रंगाची पट्टी

घर बघायला गेलो तेव्हा मालकांनी आमची नोकरी विचारली नाही, गाव विचारलं नाही, माणसं किती हेही विचारलं नाही. ते जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले, आणि बायकोच्या कडेवरून नुकत्याच खाली उतरलेल्या आमच्या दीड वर्षाच्या मुलीकडे नुसते बघत राहिले. पाचेक मिनिटांनी म्हणाले, "ही पळणारी हाय."

मी ओशाळून म्हणालो, "थोडी चंचल आहे. एका जागी लक्ष लागत नाही तिचं."

"लक्ष लागत न्हाय असं कोण म्हनलं? आत्ता मुंगी बघत होती. मग दोरा बघितली. आता तुमच्या चपलेचा अंगठा बघायली." ते उठले आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. "तिचं लक्ष लई हाय. तुमचं कुटं असतंय ते बघावं लागंल."

माझं लक्ष कुठं असायचं हे त्यांना पहिल्या आठवड्यातच कळलं. बायको मंगळवेढ्याच्या सरकारी दवाखान्यात औषधं द्यायच्या खिडकीवर होती. सकाळी सातच्या एसटीनं जायची ती संध्याकाळी परत. मी घरी बसून पुस्तकांची पानं लावायचं काम करायचो. म्हणजे दिवसभर मुलगी माझ्याकडे आणि मी संगणकाकडे. शालेय पुस्तकांची पानं लावतो एवढं ऐकल्यावर मालक मला 'सर' म्हणायला लागले. मी शिक्षक नाही हे तीन-चार वेळा सांगून पाहिलं, मग सोडून दिलं.

सोलापुरात पूर्व भागात त्यांचं ते दुमजली घर. वर आम्ही, खाली मागच्या अंगाला ते दोघं नवरा-बायको, आणि पुढच्या अंगाला कारखाना. कारखाना म्हणजे चार यंत्रमाग, टॉवेलचे. चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या कारखान्यांत जॉबर म्हणून काम केलं होतं. माग बिघडला की दुरुस्त करायला ज्याला बोलावतात तो जॉबर. त्या खडखडाटात त्यांचे निम्मे कान गेले होते. त्यामुळे कारखान्यात ते ओरडून बोलायचे आणि बाहेर आले की एवढं हळू, की रस्त्यावरच्या माणसाला वाटावं काहीतरी गुपित सांगतायत. माग नीट चाललाय का हे ते ऐकून ओळखत नसत. मागाच्या लोखंडी चौकटीवर तळहात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, "तिसऱ्याचा पट्टा ढिला झालाय." कामगार जाऊन बघायचा तर पट्टा खरंच ढिला झालेला असायचा.

त्यांच्या घरात तेलुगू बोलत. आमच्या मुलीला ते पहिल्या दिवसापासून 'पापा' म्हणायला लागले. तेलुगूत लहान मुलीला पापा म्हणतात. इकडे ती मला 'पप्पा' म्हणायला शिकत होती. अंगणातून कुणीतरी 'पापा' म्हटलं की मी खिडकीत यायचो आणि ती दारात जायची. आजोबाला तेलुगूत 'ताता'. त्यामुळे ते आले की ती ताता म्हणायची, आणि निघाले की हात हलवून पुन्हा तेच म्हणायची. त्यांना दोन्ही चालायचं.

जिन्याच्या वरच्या तोंडाशी जाळीचं दार बसवायचं मी ठरवलं तेव्हा आमचं पहिलं भांडण झालं. वेल्डिंगवाला माप घ्यायला आला होता. मालक मधल्या पायरीवर येऊन बसले आणि उठेनात.

"जाळी लावली की मानूस बघायचं सोडतंय," ते म्हणाले.

मी म्हटलं, "मग कारखान्याच्या दाराला तुम्ही वर कडी का लावलीय? तिला तर तुम्ही कडेवर घेऊनसुद्धा आत नेत नाही."

"मागात इकडून तिकडं पळनारा धोटा उडतोय की. एकदा उडाला की कुनाकडं जाईल ते देवाला ठाऊक. मागाला डोळे न्हाईत, म्हनून कडी. जिन्यावर डोळेवाली मानसं हाईत."

वेल्डिंगवाला तासभर थांबून निघून गेला. दुसऱ्या दिवशी तो परत आला तर मालक पुन्हा तिथंच; त्यांच्या बायकोनं, अम्मांनी, खालून तेलुगूत काहीतरी सुनावलं, तेव्हा कुठं ते उठले. जाळी बसली. मालकांनी ती एकदा हलवून पाहिली आणि म्हणाले, "चांगली हाय. आता तुमी बघायचं सोडनार."

पंधरा-वीस दिवस झाले असतील. दुपारी मी एका पुस्तकाच्या शेवटच्या पानांत बुडालो होतो. खालून मालकांचा आवाज आला, त्यांच्या त्या गुपित सांगायच्या आवाजात. "सर. पापा वरनं तिसऱ्या पायरीवर हाय. सावकाश या. पळू नका. तुमी पळला की ती पळंल."

मी दाराशी आलो. जाळी उघडी होती. दूधवाल्याला पैसे देऊन परत येताना मीच ती नुसती लोटली होती. मुलगी तिसऱ्या पायरीवर उभी, एक हात हवेत. आणि मालक तळाच्या पायरीवर, जिन्याच्या लोखंडी कठड्यावर तळहात टेकवून बसलेले. त्यांनी वर बघितलंही नव्हतं. मी हळूहळू खाली उतरलो आणि तिला उचललं.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"ही कठडा धरून उतरती. थरथरतोय की." त्यांनी हात पुसला आणि कारखान्यात निघून गेले. जाळीबद्दल एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर रोज सकाळी दोन तास मुलगी त्यांच्याकडे असायची. मी सोपवली नव्हती, त्यांनी मागितलीही नव्हती. ते अंगणात येऊन बसायचे आणि ती खाली जायची. त्यांची तिला सांभाळायची रीत मी खिडकीतून बघायचो. ते तिच्यामागे कधी धावत नसत. ती जिकडे निघाली असेल तिकडे आधीच जाऊन बसलेले असायचे. रिक्षाच्या आवाजानं ती फाटकाकडे वळायच्या आत हे फाटकाला पाठ लावून विडीचं बंडल चाचपत बसलेले. तिच्यासमोर त्यांनी एकही विडी पेटवली नाही, पण चाचपायचे मात्र.

तिला नावानं हाक मारायला त्यांनी मला मनाई केली होती. "पोर लांब असलं की नाव वरडायचं न्हाय. तिला वाटतंय खेळ सुरू झाला." मग करायचं काय? तर खाली बसायचं आणि जमिनीकडे बघत हळू आवाजात म्हणायचं, "चूडु... मुंगी." चूडु म्हणजे बघ. मुंगी नसली तरी चालेल, पण आपण खरंच काहीतरी बघत असलो पाहिजे. नुसतं नाटक केलं तर पोराला कळतं. मी ते पहिल्यांदा केलं तेव्हा मुलगी फाटकाबाहेर पोचली होती. तिथून वळून परत आली, माझ्याशेजारी उकिडवी बसली आणि फरशीची फट बघायला लागली. त्या फटीत काय असतं हे मलाही त्या दिवशी प्रथम कळलं. बरंच काही असतं.

इथवर सगळं ठीक होतं. पट्टीचं प्रकरण मात्र लोकांच्या नजरेत भरलं.

एके दिवशी मालक बाहेर आले ते लुंगीला गुडघ्यापाशी चार बोटं रुंदीची, झगझगीत राणी रंगाची टॉवेलची पट्टी शिवून. मला वाटलं लुंगी फाटली असेल. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या लुंगीलाही तीच पट्टी. आठवड्याभरात त्यांच्या साऱ्या लुंग्या आणि सणासुदीची एकुलती एक पँट, सगळ्यांना गुडघ्यापाशी राणी रंग चढला. आमच्या मुलीलाही त्याच कापडाचा एक झगा आला. टॉवेलच्या कापडाचा झगा, सोलापूरच्या उन्हाळ्यात. मी म्हटलं, "मालक, हिला उकडेल." ते म्हणाले, "घाम टिपतंय की." आणि खरंच टिपायचा.

पट्टीमागचा विचार त्यांनी मला खाली बसवून समजावला. अक्षरशः खाली बसवलं, रस्त्याकडेला. "काय दिसतंय?"

"लोक."

"लोक न्हाय. गुडघे दिसतात. पोराला बाजारात मानसाचं तोंड दिसत न्हाय, गुडघे दिसतात. सगळे गुडघे सारखे. मग पोरगं दुसऱ्याच गुडघ्यामागं जातंय." त्यांनी माझ्या गुडघ्याकडे बघितलं. "तुमच्या पँटलापन लावून देतो."

मी नको म्हणालो. मला लाज वाटत होती, हे कबूल करतो. त्यांच्याकडे बघून चहाच्या टपरीवरची माणसं हसायची. एकानं विचारलं होतं, मालक कुठल्या पार्टीत गेले. मालकांना ते ऐकू आलं नाही, किंवा आलं असेल.

दुसऱ्याच गुडघ्यामागं गेलेलं पोर कोणाचं, हे अम्मांनी सांगितलं. त्या दारात बसून टॉवेलच्या कडा शिवत होत्या आणि मी मालकांचं कौतुक करत होतो. म्हटलं, "अम्मा, तुमच्या मुलांना फार जपलं असेल ह्यांनी."

अम्मांचं मशीन थांबलं. "ह्यांनी? तीन पोरं आमाला. तिन्ही ह्यांनी हरवून आनली."

मोठा मुलगा बाजारात एका परक्या धोतरामागे अर्धा मैल गेला होता. ते धोतर अक्कलकोटच्या एका शेतकऱ्याचं निघालं. त्यानं पोराला केळं दिलं आणि बसवून ठेवलं. मधली मुलगी स्टेशनवर बाकाखाली झोपून गेली आणि हे तिला सोडून फलाटभर शोधत होते. धाकटा तर दुकानाच्या पायरीवर बसवून विसरले, घरी आल्यावर अम्मांनी विचारलं तेव्हा आठवण झाली.

"तीन पाळ्या करत होते तवा," अम्मा म्हणाल्या. "डोळ्यांवर झोप असायची. पोरं मोठी कवा झाली ते ह्यांनी बघितलंच न्हाय. आता बघायलेत." त्यांनी पुन्हा मशीन सुरू केलं. रागावलेल्या दिसल्या नाहीत. तिन्ही मुलं आता मोठी होती. दोन पुण्यात, मुलगी सुरतेला. सगळी अगदी व्यवस्थित सापडलेली.

बाजाराचा तो दिवस रविवार होता. बायको घर आवरत होती. मी, मुलगी आणि मालक असे तिघं आठवड्याच्या बाजारात गेलो. मुलगी तेव्हा अडीच वर्षांची. तिनं माझ्या डाव्या हाताचं बोट धरलं होतं. मालक दहा पावलं पुढं, मिरचीवाल्याशी हुज्जत घालत. माझा फोन वाजला. एका पुस्तकाची दोन पानं उलटसुलट लागली होती आणि छापखान्याचा माणूस चिडला होता. मी फोन उजव्या हातातून डाव्या हातात घेतला. बोलून झालं आणि खाली बघितलं. बोट रिकामं होतं.

मी ओरडलो. नाव घेऊनच ओरडलो, सगळं शिकवलेलं विसरून. गर्दीतून वाट काढत पळायला लागलो तेवढ्यात मागून माझी कॉलर कुणीतरी धरली.

"खाली बसा," मालक म्हणाले.

"मालक, सोडा."

"खाली बसा. ती कुटं गेली ते वरून दिसनार न्हाय."

मी बसलो. तेही बसले. गुडघे, पिशव्या, सायकलची चाकं, कोथिंबिरीचे देठ. आणि डावीकडे, बरोबर आमच्या डोळ्यांच्या उंचीवर, एका टोपलीत पाच-सहा कोंबड्या. "तिकडं," ते म्हणाले. आम्ही तिकडे गेलो. कोंबड्यावाली म्हणाली, "व्हय, आलती की एक पोरगी. गेली." कुठं गेली ते तिनं पाहिलं नव्हतं.

मालकांचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा उतरलेला पाहिला. मग त्यांनी माझे दोन्ही खांदे धरले. "जिथं बोट सुटलं तिथं जाऊन उभं रहा. हलायचं न्हाय. मी शेवटापर्यंत बघून येतो."

आयुष्यात मी केलेलं सगळ्यात अवघड काम म्हणजे ते उभं राहणं. लोक धक्के देऊन जात होते. एक बाई म्हणाली, "बाजूला व्हा की ओ." मी हललो नाही. किती वेळ गेला सांगता येत नाही. फोन पुन्हा वाजत होता, मी तो काढलाही नाही.

आणि ती दिसली. हरवल्याचं काहीच चिन्ह तोंडावर नव्हतं. हातात कोबीचं एक पान, आणि माणसांच्या गुडघ्यांकडे बघत, एकेक गुडघा तपासत ती शांतपणे चालत येत होती. माझ्यापाशी आली. माझ्या निळ्या जीन्सकडे बघितलं, बाजारातल्या इतर निळ्या जीन्सकडे बघावं तसं, आणि पुढं निघाली.

माझ्याच मुलीनं मला ओलांडलं होतं. मी झटकन खाली बसलो. ओरडलो नाही. जमिनीकडे बघत म्हणालो, "चूडु... मुंगी." ती थांबली, वळली आणि माझ्या पायापाशी येऊन उकिडवी बसली. तिथं खरंच मुंग्या होत्या. मी तिला छातीशी धरलं तर ती वैतागली, तिला मुंग्या बघायच्या होत्या.

मालक बाजाराच्या टोकावरून परत आले तेव्हा त्यांची टोपी कुठंतरी पडली होती आणि श्वास लागला होता. आम्हा दोघांना बघून ते तिथंच मेथीच्या पसाऱ्यात बसले. भाजीवाली काही बोलणार होती, पण त्यांच्याकडे बघून तिनं जुड्या बाजूला सरकवल्या. ते बराच वेळ मुलीच्या पाठीवर नुसता तळहात ठेवून होते, मागावर ठेवतात तसा, डोळे मिटून. मग म्हणाले, "चौथी."

घरी पोचेपर्यंत मला वाटत होतं, बायकोला कसं सांगू. पण फाटकातून आत शिरताच मालकांच्या चालीत एकदम फरक पडला. ते ताठ झाले आणि कारखान्यात बोलतात त्या आवाजात, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं, अम्मांना म्हणाले, "पापा हरवली होती. मी न्हाय हरवली. सरांनी हरवली."

वरच्या मजल्यावरून बायकोनं ते ऐकलं. पुढचा अर्धा तास माझा कसा गेला ते इथं लिहीत नाही. अम्मांनी मात्र मुलीची दृष्ट काढली, नवऱ्याला पाणी दिलं, आणि तीन पोरांच्या गोष्टी त्यानंतर कधी काढल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या दोन्ही जीन्स खाली नेऊन अम्मांच्या मशीनवर ठेवल्या. मालक बघत होते. त्यांनी पट्टी मापून कापली. टपरीवरच्या माणसांना आता दोघंजण मिळाले हसायला. चार दिवस हसले, मग सवय झाली. त्यातल्याच एकाची बायको नंतर येऊन पट्टी घेऊन गेली, तिला जुळी होती.

मुलगी साडेतीन वर्षांची झाली आणि जवळच्या शाळेत छोट्या वर्गात तिचं नाव घातलं. शाळेचा नियम असा, की मुलाला न्यायला येणाऱ्या माणसाकडे शाळेचं कार्ड हवं. आई, वडील आणि तिसरं एक माणूस. तिसरं माणूस कोण हे आम्हाला ठरवावं लागलंच नाही. मालक आदल्या दिवशी स्टुडिओत जाऊन फोटो काढून आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून, इतके गंभीर, की पोलिसांत भरती होतायत असं वाटावं.

शाळेच्या कार्यालयात एक तरुण मॅडम बसल्या होत्या. त्यांनी नाव लिहून घेतलं, फोटो चिकटवला आणि विचारलं, "मुलीशी नातं काय?"

मालकांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "आजोबा लिहा."

"आजोबा न्हाय," मालक म्हणाले. "तिचे आजोबा बार्शीत हाईत. ते कवा आले तर त्यांनी काय लिहायचं?"

"मग घरमालक लिहू?" मॅडमनी विचारलं.

"घराचा काय संबंध. घर काय पळून चाललंय का."

मॅडम हसू दाबत होत्या. मागे पालकांची रांग होती. "बाबा, काहीतरी लिहायला पाहिजे. रकाना रिकामा ठेवता येत नाही."

मालकांनी विचार केला. बाहेरच्या अंगणात मुलं खेळत होती, तिकडे एकदा बघून घेतलं. "जवळचा लिहा."

"जवळचा म्हणजे कोण?"

"जवळचा म्हंजे, जवळ असतोय तो."

मॅडमनी क्षणभर त्यांच्याकडे बघितलं आणि खाली मान घालून लिहिलं. शिक्का मारून कार्ड दिलं.

मालकांना मराठी बोलता येत असलं तरी वाचायला तेलुगूच यायचं. बाहेर आल्यावर त्यांनी कार्ड माझ्यापुढे धरलं. मी वाचून दाखवलं. नाव, पत्ता, मग 'नाते : जवळचे'.

"जवळचे?" त्यांनी थांबवलं. "मी एकटाच हाय की. 'चे' कशाला लावलं त्यांनी?"

"मान देऊन लिहिलंय, मालक."

त्यांनी कार्ड शर्टाच्या खिशात ठेवलं आणि वरून दोनदा चाचपलं. मुलगी आत वर्गात होती, शाळा सुटायला अजून दीड तास होता. मी घरी चला म्हटलं. ते शाळेच्या दारापाशी गेले, रस्ता एका बाजूला आणि दार दुसऱ्या बाजूला राहील अशी जागा बघितली, आणि बसले.